कुत्रे चालणार नाही!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा नुकताच सरला होता. पहाटेच्या मिस्सेसाठी चर्चकडे जात असताना दफनभूमीच्या फाटकाला एक कुत्रा बांधलेला दिसला. निळी नायलॉनची दोरी, गळ्यात चांगला चामडी पट्टा, पुढ्यात ॲल्युमिनियमच्या थाळीत दूधभाकर. बांधणाऱ्याने भाकर कुस्करून ठेवली होती. म्हणजे माया आटलेली नव्हती. कुत्र्याने थाळीला तोंड लावले नव्हते. तो रस्त्याकडे पाहत बसला होता.

कुत्रा कोणाचा हे मला ठाऊक होते. त्या घराच्या ओटीवर बसून मी अनेकदा चहा घेतला होता आणि दर वेळी तो माझ्या पायांत घुटमळला होता. जुने घर पाडून त्या जागी इमारत उभी राहायची होती, आणि कुटुंब दोन वर्षांकरिता मुंबईच्या एका उपनगरात भाड्याने राहायला गेले होते. आमच्या स्वयंपाकिणीने दोरी सोडली. कुत्रा नऊ दिवस फाटकाशीच राहिला. दहाव्या दिवशी तो तेथे नव्हता. मी चौकशी केली नाही, आणि रविवारच्या प्रवचनात त्याविषयी अवाक्षरही काढले नाही. कुटुंब ओळखीचे होते, चर्चच्या प्रत्येक कार्यात पुढे असणारे होते. धर्मगुरूला गप्प बसायला एवढे कारण पुरले.

हे मी त्या कुटुंबाला लाजविण्यासाठी लिहीत नाही. पुढे त्या घरच्या बाई भेटल्या तेव्हा त्यांनी सांगितले, ‘फादर, चौदा घरं पाहिली. चौदाही ठिकाणी एकच वाक्य.’ ते वाक्य म्हणजे या लेखाचे शीर्षक. माझा वाद त्या तीन शब्दांशी आहे. ते उच्चारणाऱ्यांशी आहे. आणि ते मुकाट्याने ऐकून घेऊन घरी येऊन दोरी शोधणाऱ्यांशीही आहे.

गेल्या वर्षी दुसरे कुटुंब माझ्याकडे आले. गृहस्थ शिक्षक. त्यांच्या आईवर परळच्या एका रुग्णालयात कर्करोगाचे उपचार सुरू व्हायचे होते. वर्षभर तरी फेऱ्या होणार होत्या. वसईहून लोकलच्या गर्दीतून वृद्ध रुग्णाला नेणे-आणणे अशक्य, म्हणून मुंबईत तात्पुरते बिऱ्हाड करायचे ठरले. घरात दोन कुत्री होती. एक गावठी कुत्री, वाडीतच जन्मलेली, आणि एक लॅब्रॅडोर जातीचा, थोराड व सुस्त. सर म्हणाले, ‘फादर, चर्चच्या आवारात वर्षभर दोघांना ठेवाल का?’ मी म्हटले, ‘सर, आईचं बघा. कुत्र्यांचं एवढं काय घेऊन बसलात?’ ते थोडा वेळ थांबून म्हणाले, ‘आईच विचारते आहे, फादर. ती म्हणते, ही दोघं येणार नसतील तर मलाही नेऊ नका.’

दफनभूमीचे फाटक माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मी म्हटले, ‘सर, सोमवारी मी मोकळा असतो. आपण घर शोधायला जाऊ.’ असे चार सोमवार आम्ही हिंडलो. त्या चार सोमवारांत या महानगराविषयी मी जे शिकलो ते माझ्या तीस वर्षांच्या पाळकीय जीवनात शिकलो नव्हतो.

परळपासून सुरुवात केली, कारण रुग्णालय तेथे. परळच्या भूमीत एक विलक्षण योग आहे. १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय तेथे आहे, त्याच्याशेजारी १९२६ पासूनचे केईएम आहे आणि तेथून जवळच जनावरांचे जुने इस्पितळ आहे. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे हे इस्पितळ मुंबईकर अजूनही प्रेमाने ‘बैलघोडा’ म्हणूनच ओळखतात. माणसांच्या आणि मुक्या जनावरांच्या दुखण्याला ज्या वस्तीने शेजारी शेजारी जागा दिली, त्या वस्तीत कुत्रा पाळणाऱ्या रुग्णाला एक खोली मिळेना. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, मग त्यांच्या जमिनींवर उंच मनोरे उभे राहिले. चाळीत दोन कुत्र्यांना हातपाय पसरायला जागा नव्हती, हे मी समजू शकतो. पण ज्या मनोऱ्यांना हिरवळ आहे, बाग आहे, तेथे बागेच्या तोंडाशीच पाटी होती. रखवालदाराने आम्हाला ती पाटी बोटाने वाचून दाखवली.

दलालांच्या प्रश्नांचा क्रम मला पाठ झाला. पहिला प्रश्न: ‘कुत्रा आहे का?’ दुसरा: ‘पेशंट आहे का? कोणता आजार?’ तिसरा, जरा आवाज उतरवून: ‘तुम्ही कुठल्या समाजाचे? घरात मासे वगैरे...?’ वाचकहो, हा क्रम नीट पाहा. हे तीन प्रश्न वेगवेगळे नाहीत. एकाच वहीचे ते तीन रकाने आहेत. भुंकणारा नको, खोकणारा नको, ज्याच्या चुलीचा वास निराळा तोही नको. कुत्रा पहिल्या रकान्यात येतो एवढेच. कारण त्याच्या वतीने भांडायला कोणी येत नाही. त्याच्यावर नकाराचा सराव होतो, आणि मग तो हात माणसांवर सफाईने चालतो. ‘माणसांना घर मिळत नाही आणि फादर कुत्र्यांसाठी वणवण करतात’ असे आमच्या एका धर्मग्रामस्थाने मला ऐकवले. त्यांना माझे उत्तर हे की, ज्या दारांनी आमच्या कुत्र्यांना नाकारले, त्यांतल्या एकाही दाराने ‘कुत्री ठेवून या, आईला मात्र घेऊन या’ असे म्हटले नाही. कुत्र्याला नाकारून वाचलेली माया रुग्णासाठी राखून ठेवलेली असते, हा भ्रम आहे.

या आक्षेपाला थोडे बळ आहे, हे मी नाकारत नाही. कॅथॉलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण १९९२ साली ग्रंथरूपाने आली. तिच्यात प्राण्यांना विनाकारण छळणे मनुष्याच्या प्रतिष्ठेला न शोभणारे मानले आहे, आणि त्याच ठिकाणी बजावलेही आहे की जो पैसा प्रथम मानवी दुःखाच्या निवारणासाठी खर्चायला हवा तो प्राण्यांवर उधळू नये, व जे प्रेम केवळ माणसाला देय आहे ते त्यांना देऊ नये. कुत्र्याचा वाढदिवस केक कापून साजरा करणारी आणि घरकामाच्या बाईला शिळी पोळी देणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांची वकिली मी करीत नाही. पण येथे प्रश्न चैनीचा नाही. आपण पोसलेल्या, आपल्यावर विसंबलेल्या जिवाला आपल्या सोयीसाठी रस्त्यावर सोडायचे की नाही, हा आहे.

आता कायद्याकडे वळू. पुष्कळ सोसायट्यांच्या सेक्रेटरींना वाटते की सर्वसाधारण सभेत हात वर झाले की कुत्रा बेकायदा होतो. तसे नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये काढलेल्या परिपत्रकात स्पष्ट सांगितले आहे की बहुसंख्य रहिवाशांची इच्छा असली तरीही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. कुत्रा लहान की मोठा, यावरून भेद करता येत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही. कुत्र्यांनी केलेली घाण मालकांनी उचलावी, त्यांना पट्ट्याने बांधून फिरवावे, अशा विनंत्या सोसायटीने अवश्य कराव्यात. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ५१-अ मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत, आणि सजीव प्राण्यांविषयी भूतदया बाळगणे हे त्यांपैकी एक आहे. सोसायट्यांच्या कार्यालयांत काचेच्या चौकटीत अनेक गोष्टी टांगलेल्या असतात. हे कर्तव्य टांगलेले मला अद्याप कोठे दिसलेले नाही.

घरमालकाची गोष्ट निराळी. ते परिपत्रक सोसायट्यांना उद्देशून आहे. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला अकरा महिन्यांचा करार हा त्या दोघांचा मामला. तेथे कायदा फारसा बोलत नाही, म्हणून तेथे शेजारधर्माने बोलायला हवे. आणि येथेच मला आपल्या घरात दिवा लावायचा आहे.

तिसऱ्या सोमवारी आम्ही आपल्याच लोकांच्या दारी गेलो. वांद्रे, कलिना, मरोळ, ओर्लेम, बोरिवलीची आय.सी. कॉलनी, जेथे जेथे ओळखीची माणसे होती तेथे तेथे. वांद्र्याचे भाडे आवाक्याबाहेर होते, तो विषय तेथेच संपला. पण इतर ठिकाणी काय घडले? ज्या घरांच्या भिंतींवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती, ज्यांची मुले कॅनडाला वा आखातात आहेत आणि ज्यांची दुसरी सदनिका वर्षानुवर्षे कुलूपबंद आहे, त्यांनी आम्हाला सरबत दिले, आईसाठी प्रार्थना करण्याचे वचन दिले आणि ‘कुत्र्यांचं तेवढं बघा ना’ असे म्हणून निरोप दिला. एका गृहस्थांनी तर आपल्या मरून गेलेल्या अल्सेशियनच्या आठवणी अर्धा तास सांगितल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. त्यानंतर त्यांनी ‘नाही’ म्हटले. फरशी नवी होती.

आपल्या समाजाला निर्वासित होणे नवे नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला तेव्हा माणसे शहर सोडून मोकळ्या जागांकडे धावली. वांद्र्यात व उपनगरांतल्या गावठाणांत आजही प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस रस्त्याच्या कडेला दिसतात. त्यांवर आपण आजही हार घालतो. साल्सेट कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्था वांद्र्यात १९१८ साली स्थापन झाली, ती आपल्या माणसाला हवेशीर, निरोगी घर मिळावे या काळजीच्या काळातच. ज्यांच्या पणजोबांना दाराबाहेर काढले गेले, ज्यांना आजही ‘मासे वगैरे’च्या रकान्यात टाकले जाते, त्यांनी दार लावताना क्षणभर तरी हात आवरायला नको का?

विरोधकांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. घाणीचा मुद्दा खरा आहे, पण तो कुत्र्याविरुद्धचा नाही, मालकाविरुद्धचा आहे; त्यावर कागद आणि पिशवी हा पुरेसा उपाय आहे. भीतीचा मुद्दा मात्र मी हलका मानीत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा आणि वेळेवर लस न घेणे यांचा शेवट मृत्यूत होतो. लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ निष्फळ असतात. एक लहान मूल त्या आजाराने गेलेले मी पाहिले आहे. ती रात्र मी विसरणार नाही, आणि म्हणून कुत्र्याच्या भीतीला मी हसत नाही. पण लस टोचलेला, परवाना असलेला, पट्ट्याने बांधलेला कुत्रा त्या भीतीचे कारण नसतो. ते कारण तयार होते ते दफनभूमीच्या फाटकाशी. घरातून टाकलेले कुत्रे भटके होते, त्याची लस चुकते, त्याची पिल्ले रस्त्यावर वाढतात. आणि मग तीच सोसायटी महापालिकेला अर्ज करते.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील भटक्या कुत्र्यांना उचलून आश्रयगृहात ठेवण्याचा आदेश दिला, आणि त्याच महिन्यात त्यात बदल करून निर्बीजीकरण व लसीकरण झालेल्या, न पिसाळलेल्या व आक्रमक नसलेल्या कुत्र्यांना त्यांच्या जागी परत सोडण्यास सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, स्थानके अशा जागांविषयी आणखी आदेश झाला. हे सारे रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी होते. परंतु आम्ही हिंडत होतो तेव्हा एका सेक्रेटरींनी वर्तमानपत्राचे कात्रण पुढे करून ‘कोर्टानेच बंदी घातली आहे’ असे आम्हाला सांगितले. कात्रण त्यांनी स्वतः वाचले नव्हते.

मुंबई शहर या प्रश्नावर पूर्वीही पेटले आहे. १८३२ मध्ये ब्रिटिश अंमलदारांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतर समाजांचे लोक त्यांना मिळाले आणि बाजार बंद पडले. पारशी धर्मात अंत्यविधीच्या वेळी कुत्र्याची दृष्टी मृतदेहावर पडावी लागते. त्यांच्या दृष्टीने तो श्रद्धेचा प्रश्न होता. दगडफेकीचे समर्थन कोणी करणार नाही. पण ज्या शहराने एकदा कुत्र्यासाठी दुकानांच्या फळ्या लावल्या त्या शहरात आज कुत्र्यासाठी एक खोली उघडत नाही, याची नोंद घ्यावी असे मला वाटते.

आता जे कुत्री घेऊन शहरात बिऱ्हाड करणार आहेत त्यांच्याशी चार शब्द. यांच्यावरही माझा राग आहे. आपण वस्ती निवडतो ती स्टेशन किती मिनिटांवर, भाडे किती आणि पाहुण्यांना पत्ता सांगताना कसा वाटेल, यांवर. कुत्र्याचा विचार सर्वांत शेवटी येतो, आणि शेवटी येणाऱ्यालाच गाडीत जागा उरत नाही. काही जण तर कुत्रा लपवतात. करारावर सही करतात, आणि मग एका रात्री त्याला चादरीत गुंडाळून जिन्याने वर नेतात. हे असत्य आहे, आणि पकडले गेले म्हणजे पुढच्या दहा प्रामाणिक माणसांची दारे त्याने बंद होतात. दोन कुत्री असतील तर ‘एकच आहे’ असेही सांगू नये. करारातच लिहून घ्यावे: इतकी कुत्री, या वयाची, लस अमुक तारखेची. मुंबई महापालिकेचा परवाना काढावा. घरमालकाला कागद आवडतात. त्याला कागद द्यावेत.

वस्ती कशी पाहावी? दलाल घर दाखवतो ते दुपारी, जेव्हा गल्ली झोपलेली असते. कुत्रेवाल्याने तेथे पहाटे सहाला आणि रात्री दहाला जाऊन उभे राहावे. त्या वेळी गल्लीतली भटकी कुत्री कोठे बसतात, कोणत्या कोपऱ्यापर्यंत त्यांची हद्द आहे, तेथून आपल्याला रोज चार वेळा जायचे आहे का, हे कळते. घरातला कुत्रा नव्या गल्लीत उतरतो तेव्हा तो दुसऱ्याच्या राज्यात शिरत असतो. रोजची झुंज टाळायची तर दुसरी वाट असलेली वस्ती हवी. दलालाला विचारू नये. रखवालदाराला, दूधवाल्याला, सकाळी झाडणाऱ्या सफाई कामगाराला विचारावे. ते खरे सांगतात, कारण त्यांना दलाली मिळायची नसते.

सावली पाहावी. डांबरी रस्ता एप्रिल-मेच्या दुपारी इतका तापतो की कुत्र्याचे पंजे भाजतात. तळहात काही क्षण रस्त्यावर टेकवून पाहावा, आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. उतार पाहावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या काठच्या तळमजल्यांत काय झाले ते मुंबईकर विसरलेला नाही. दरवर्षी तेवढा पडत नाही, पण गुडघाभर पाणी दरवर्षी साचते. त्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि लेप्टोची लागण कुत्र्यालाही होते, माणसालाही. त्याची लस कुत्र्याला मिळते, ती घ्यावी. म्हाताऱ्या कुत्र्याला जिने चढवत नाहीत म्हणून तळमजला हवा आणि पावसासाठी तळमजला नको, अशी ही ओढाताण आहे. उंच जोत्याचे जुने घर मिळाले तर सोडू नये. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेची हवा फार गोड आहे, पण मुलुंड, येऊर, आरे या बाजूंना रात्री बिबटे उतरतात आणि कुत्रा हे त्यांचे आवडते भक्ष्य. तेथे राहायचे तर अंधार पडल्यावर कुत्र्याला अंगणात सोडू नये. लग्नाचे सभागृह किंवा मिरवणुकीचा मार्ग खिडकीखाली नसावा. फटाक्यांनी बिथरलेला कुत्रा परक्या गल्लीत पळाला तर घर कोणते हे त्याला आठवत नाही, कारण ते त्याचे घर झालेलेच नसते. आणि रात्री-अपरात्री बोलावता येईल असा पशुवैद्य जवळ असावा.

एक लहानशी गोष्ट, सरांच्या आईने सांगितलेली: निघताना कुत्र्यांची गोधडी धुऊ नये. नव्या घरात तोच एक ओळखीचा वास असतो.

मुंबईबाहेरून आगगाडीने येणाऱ्यांना आणखी एक पीडा आहे. वातानुकूलित प्रथम वर्गाची खोली आख्खी आपल्या नावावर असेल तरच कुत्रा सोबत बसू शकतो; नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. ज्यांची ऐपत पेटीचीच आहे त्यांनी उन्हाळ्यात तरी त्याला त्या पेटीत घालू नये. महिनाभर थांबावे.

पण या साऱ्या सूचनांच्या मुळाशी एक शब्द आहे, आणि त्याचा समाचार घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ‘तात्पुरते.’ तात्पुरतेच जायचे आहे, मग कुत्र्याचे काय एवढे. तात्पुरतेच भाड्याने द्यायचे आहे, मग कटकट कशाला. या शब्दाच्या आडून किती निष्ठुरपणा खपून जातो! कुत्रा जगतो दहा-बारा वर्षे. आपली दोन वर्षे म्हणजे त्याच्या आयुष्याचा सहावा हिस्सा. एखाद्या बाहत्तर वर्षांच्या आजोबांना त्यांच्या आयुष्यातली बारा वर्षे ‘तात्पुरती’ फाटकाशी बांधून घालवायला सांगावे, तसे हे आहे. नवी इमारत उभी राहील, लिफ्ट येईल, आपण परत येऊ. त्याच्याकडे परत यायला उरलेले आयुष्य नसते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा मानला, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड ठरवला तो कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. त्या फाटकाची किंमत कायद्याच्या लेखी एवढी होती.

जुन्या करारातील तोबितचे पुस्तक आपल्या बायबलमध्ये आहे, आपल्या प्रोटेस्टंट बांधवांच्या छापील बायबलमध्ये सहसा नसते. अंध बापाने ठेवलेले पैसे आणायला तरुण तोबिया दूर देशी निघतो. बरोबर वाटाड्या म्हणून देवदूत राफाएल असतो, आणि त्यांच्याबरोबर कुत्रा निघतो. त्या कुत्र्याने कथेत काहीही केलेले नाही. कोणाला वाचवले नाही, कोणावर भुंकला नाही. तो जाताना बरोबर होता आणि परत येताना बरोबर होता, एवढेच लिहिले आहे. सेमिनरीत आम्ही या पुस्तकावर परीक्षा दिली. प्रार्थना, विवाह, दानधर्म यांवर प्रश्न आले, कुत्र्यावर एकही आला नाही. ज्याने ते पुस्तक लिहिले त्याला मात्र तो कुत्रा गाळावासा वाटला नाही.

आणि आपल्या मातीत वाढलेल्या कोणाला युधिष्ठिराची कथा ठाऊक नाही? भाऊ पडले, पत्नी पडली, शेवटपर्यंत चालत आला तो एक कुत्रा. इंद्राने रथ आणला आणि सांगितले, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. तीच पाटी! युधिष्ठिराने रथात पाऊल ठेवले नाही. कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता हे त्याला नंतर कळले. नकार देताना तो केवळ कुत्रा होता. सोसायटीच्या सभांतून महाभारताचे दाखले देणारे वक्ते मी ऐकले आहेत. हा दाखला त्यांनी कधी दिलेला मला आठवत नाही.

चौथ्या सोमवारी घर मिळाले. माझगावच्या माथारपाखाडीकडे, जुन्या लाकडी जिन्याच्या घराचा तळमजला, उंच जोत्याचा. मालकीण ऐंशीच्या पुढची ईस्ट इंडियन बाई. तिने ना जात विचारली, ना आजार. ‘कुत्री चावतात का?’ एवढेच विचारले. सर म्हणाले, ‘गावठी आहे ती अनोळखी माणसाला गुरगुरते.’ ती म्हणाली, ‘बरं झालं. माझ्याकडे चोर येतात.’ करारात दोन्ही कुत्र्यांची नोंद झाली. तेथून परळ टॅक्सीने दूर नाही. पहिले पंधरा दिवस दोघे रात्री रडत होते. समोरच्या घरातल्यांनी दोनदा खिडकी आपटली, तिसऱ्यांदा बिस्किटे आणून दिली. उपचारांच्या काळात आईला अन्न जाईना तेव्हा ती आपल्या वाटीतले भात-मासे त्या लॅब्रॅडोरला भरवी, आणि त्या निमित्ताने दोन घास स्वतः खाई. डॉक्टरांना हे सांगायचे की नाही, यावर घरात वाद झाला होता. सांगितले नाही.

त्या मार्चमध्ये परतल्या. तिघेही. आई आता थकली आहे, पण ओटीवर येऊन बसते.

येत्या महिन्यात आमच्याच धर्मग्रामातील एका इमारतीची सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर सातवा विषय आहे: ‘भाडेकरूंना पाळीव कुत्री ठेवण्यास मनाई करण्याबाबत.’ कार्यकारिणीतले निम्म्याहून अधिक सभासद रविवारी माझ्यासमोर पहिल्या बाकांवर बसतात. मी तेथला सभासद नाही. परंतु दोघा रहिवाशांनी मला बोलावले आहे, आणि मी जाणार आहे. परिपत्रकाच्या वीस प्रती काढून ठेवल्या आहेत. निळी दोरी आमच्या स्वयंपाकिणीने जपून ठेवली होती. तीही बरोबर नेणार आहे.